घालण्याजोगं

गेल्या महिन्यात माझ्या लेकीनं स्वतःला नवं घड्याळ घेतलं आणि जुनं तिच्या आजोबांना द्यायचं ठरवलं. घड्याळ म्हणजे नुसतं घड्याळ नव्हे. ते पावलं मोजतं, छातीचे ठोके मोजतं, आणि ते घातलेला माणूस कुठं पडला तर आपल्या फोनवर बोंब मारतं. माझी आई गेल्यापासून अण्णा, म्हणजे माझे वडील, दोनदा न्हाणीत पडले आणि दोन्ही वेळा आम्हाला ते शेजारणीकडून कळलं, म्हणून ही तजवीज. लेकीनं घड्याळ ओल्या फडक्यानं पुसलं, पट्टा घासला, मूळ डब्यात नीट बसवलं आणि डबा माझ्यापुढे सरकवला. "आजोबांना जुनं आहे म्हणून सांगू नकोस हं. नवीन वेअरेबल आहे म्हण." मी डबा हातात घेतला आणि मला हसू आलं. तिला वाटलं, आईला शब्द कळला नाही. "वेअरेबल म्हणजे अंगावर घालायचं यंत्र गं," ती शाळेतल्या बाईंच्या सुरात म्हणाली. मी म्हटलं, "बाई गं, हा शब्द मी तुझ्याएवढीही नव्हते तेव्हा गोणपाटावर वाचलाय, काळ्या शाईत, वीतभर अक्षरांत." पण तोवर तिची मीटिंग सुरू झाली होती. म्हणून आता लिहूनच ठेवते. मीटिंगांतून सवड मिळाली की वाचेल.

मी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन बसले होते आणि अण्णांची भोसरीची कंपनी बंद होऊन नववा महिना लागला होता. संप नव्हता, टाळेबंदी होती. संपात माणूस निदान आपणहून घरी बसतो, असं अण्णा म्हणायचे. आम्ही चिखलीला पत्र्याच्या छपराखाली दोन खोल्यांत राहायचो. ओळीतली सहाही घरं परभणीकडची आणि सहाही घरांतले पुरुष त्याच कंपनीत, त्यामुळे दुखणं आलं ते अख्ख्या ओळीला आलं. त्या भागात तेव्हा वेळ भोंग्यांवर कळायची. साडेसहाला एक, सातला दुसरा, साडेसातला घोगरा तिसरा. अण्णांना प्रत्येक भोंगा आवाजावरून ओळखू यायचा, गुराख्याला गाय ओळखू यावी तसा. त्यांच्या कंपनीचा सव्वासातचा भोंगा मात्र वाजत नसे. सात आणि साडेसातच्या मधल्या त्या शांततेत अण्णा अंघोळ करून, युनिफॉर्म चढवून, डबा न घेता निघायचे आणि बंद गेटासमोर जाऊन बसायचे. आधी सगळेच जायचे, मग निम्मे. नवव्या महिन्यात गेटापाशी अण्णा आणि वॉचमन एवढेच उरले होते, आणि वॉचमनला त्याचा पगार मिळत होता.

घरात पिठलं असायचं. सकाळी पिठलं, संध्याकाळी पिठलं. बेसनात पाणी वाढवत वाढवत आई अशा पायरीला आली होती की तिच्या लग्नातल्या ताटाच्या तळावर कोरलेलं "चि. सौ. कां. कुसुम हीस सप्रेम भेट" पिठल्याखालून स्वच्छ वाचता यायचं. पूर्वी भाकरी थापल्याचा आवाज आठ वेळा यायचा, मग सहा वेळा, मग पाच. मी अंथरुणात पडल्या पडल्या तो आवाज मोजायचे आणि त्या बेतानं भूक ठेवायचे. त्या वेळी मला इंग्रजीचा फार गर्व होता. बाईंनी शिकवलं होतं की क्रियापदाला एबलचं शेपूट लावलं की "तसं करण्याजोगं" असा अर्थ होतो. एकदा ताटाकडे बघत मी म्हटलं, "आई, हे पिठलं ईटेबल नाही." आईनं अर्थ विचारला आणि मी सांगितला. तिनं माझ्या ताटातलं पिठलं स्वतःच्या ताटात ओतून घेतलं आणि जेवायला बसली. इंग्रजीचा एवढा चोख मोबदला मला पुढे कधी मिळाला नाही.

आईला काम मिळालं ते कुदळवाडीतल्या जुन्या कपड्यांच्या गोदामात. "जुन्या कपड्यांवर भांडीऽऽ" असं ओरडत बायका दारोदार फिरतात आणि चार साड्यांवर एक पातेलं देऊन जातात. ते कपडे पुढे कुठं जातात असा विचार मी कधी केला नव्हता. ते तिथं यायचे, टेम्पो भरभरून. तिथं त्यांचे दोन ढीग व्हायचे. जे कपडे अजून कुणी अंगावर घालू शकेल ते एका ढिगात, म्हणजे आठवडे बाजारांत विकायला. बाकीचे दुसऱ्या ढिगात, कापून चिंध्या करायला. कारखान्यांत मशीनवरचं तेल पुसायला रोज गठ्ठ्यानं चिंध्या लागतात आणि आमच्या भागात कारखान्यांना तोटा नव्हता. पहिल्या ढिगाच्या गोणीवर साच्यानं इंग्रजीत WEARABLE असं छापायचे, दुसऱ्याच्या गोणीवर WIPER. सुट्टी लागली तशी आईनं मलाही बरोबर न्यायला सुरुवात केली.

गोदामात शेठ क्वचित दिसायचा. राज्य होतं शांताक्कांचं. त्या मूळच्या मोशीकडच्या. वीस वर्षं डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन फिरल्या, गुडघे गेले तेव्हा गोदामात बसल्या. वाचता येत नव्हतं, पण बोटांना सगळं येत होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चार जागा शिकवल्या: कॉलर, काख, कोपर, बूड. कपडा हातात आला की याच क्रमानं बोटं फिरवायची. जी जागा गेलेली लागेल तिथंच थांबायचं, पुढं बघायचं नाही, चिंधीत टाकायचं. चिंधीतल्याची बटणं उडवायची, कारण बटण मशीनवर चरा पाडतं. मग कॉलर, कफ छाटायचे आणि पाठ उभी फाडायची. "आन् एक ध्यानात ठिव पोरी," त्या म्हणाल्या, "कापडाचं तोंड बघायचं न्हाई. तोंड बघितलं की त्यातला मानूस दिसतो. मानूस दिसला की हात थांबतो."

मी त्यांना गोणीवरच्या शब्दाचा अर्थ सांगितला. शाळेची डिक्शनरी घरून आणून बोट ठेवून दाखवला. "घालण्याजोगं," मी म्हटलं. शांताक्का गोणीकडे बघत राहिल्या. "येवढंच लिव्हलंय व्हय इतकी वर्सं? आन् ते ठरवायचं कुनी?"

"तुम्हीच ठरवता की."

"मी कापूड ठरवते. जोगं हाय का न्हाई, ते घालणाऱ्याला इचारावं लागतं." आणि तंबाखू मळत हसल्या.

घालणाऱ्याला विचारायचं तर आमच्या घरात विचारायची सोयच नव्हती. आई गोदामात जाते हे अण्णांनी कसंबसं गिळलं होतं, पण अट घातली होती. तिथला धागासुद्धा घरात यायचा नाही. संध्याकाळी आम्ही दोघींनी दाराबाहेर पदर आणि ओढण्या झटकायच्या, पाय धुवायचे, मग उंबरा ओलांडायचा. आमच्याकडे माणूस गेला की त्याचे कपडे वाहत्या पाण्याला देतात, आणि गोदामातल्या कपड्यांतले निम्मे मेलेल्यांचे असणार अशी अण्णांची खात्री होती. "उतरलेलं कापड ज्या दिवशी अंगावर घालीन ना, माय," ते मला म्हणायचे, "त्या दिवशी समजायचं तुझ्या बापाचे हात गेले." माय ते मलाच म्हणायचे. आमच्याकडे लेकीला तसंच म्हणतात.

मग चाकणहून पत्र आलं. तिकडे शेतं सपाट करून नवीन कंपन्या उभ्या राहत होत्या आणि त्यातल्या एकीनं आमच्या ओळीतल्या सहाही जणांना एकाच दिवशी, सकाळी नऊला बोलावलं होतं. गावाकडचा एक जण तिथं आधीच चिकटला होता. तो येऊन बजावून गेला, "भाऊ, काही करा, पण युनिफॉर्मवर येऊ नका. बंद कंपनीचा युनिफॉर्म दिसला की युनियनवाला समजून गेटावरूनच हाकलतेत. साधे, चांगले कपडे घाला. माणूस घरचा बरा दिसला पाहिजे." तो गेल्यावर अण्णांनी ट्रंक उघडली. नऊ महिने, आणि त्याआधी बारा वर्षं, युनिफॉर्म सोडून त्यांना कपडे लागलेच नव्हते. चांगला असा एकच शर्ट होता, पांढऱ्यावर बारीक निळ्या रेघांचा, गावच्या शिंप्यानं शिवलेला. खिशाला पेनाच्या टोकानं पडलेलं भोक होतं आणि कॉलर घासून दशा निघाल्या होत्या. शेजारून मागावा तर सगळ्या ओळीला त्याच दिवशी त्याच गेटावर जायचं होतं आणि प्रत्येकाकडे एकेकच शर्ट होता. शिवाय अण्णा ओळीत सगळ्यांत उंच. दुसऱ्याचा शर्ट त्यांना झबल्यासारखा दिसायचा.

"कॉलर उलटून लावते," आई म्हणाली. "आतली बाजू कोरी असते. नव्यासारखी दिसते."

गोदामात गोणी शिवायचं एक मशीन होतं आणि दुपारच्या सुट्टीत ते वापरायची परवानगी शांताक्कांनी आईला दिली होती. जाण्याच्या आदल्या दिवशी आईनं शर्ट पिशवीत घालून नेला. तिनं कॉलर उसवली, शर्ट मशीनच्या चाकावर टाकला, कॉलर उलटून कडा मोडायला घेतली, आणि तेवढ्यात टेम्पो आला म्हणून सगळ्यांना बाहेरून हाक आली. मी गेले नाही. मी त्या दिवशी फॉर्मात होते. सकाळपासून माझा ढीग बाकीच्या बायकांपेक्षा मोठा होता आणि शांताक्का जाता जाता "वाघीन हाय पोरगी" म्हणून गेल्या होत्या. चाकावरून एक कपडा घसरून माझ्या ढिगावर पडला असावा. मला ते दिसलं नाही, कारण मी बघतच नव्हते. हातात कापड आलं, बोटं कॉलरीवर गेली, कॉलर नव्हतीच. पहिलीच जागा गेलेली. दोन श्वासांचं काम. बटणं टकटक डब्यात पडली, बाह्यांचे कफ छाटले, पाठ धरली आणि फाडली. जुनं पॉपलिन फाटताना फार छान आवाज येतो, सरळ, लांब, थेट शेवटपर्यंत. तो आवाज मला आवडायचा, हेही लिहून टाकते.

आई कॉलर हातात घेऊन आली. चाकाकडे बघितलं, खाली बघितलं, मशीनच्या मागे वाकली. "नंदे, अण्णांचा शर्ट बघितलास का गं?"

मी माझ्या ढिगाकडे बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच कापडाचं तोंड बघितलं. वरच निळ्या रेघांचे दोन पट्टे पडले होते.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि दोन्ही पट्टे मांडीवर घेऊन एकमेकांना जोडून बघू लागली, जसं लहान मूल फुटलेली बशी जोडून बघतं. पाठ जुळत होती. पण पाठीवरची शिवण कुणालाही दिसली असती. ती कॉलर जोडायची, मग काढायची, मग पुन्हा पाठ जुळवायची. "आता यांना काय सांगू," एवढंच म्हणत होती, आणि ते मला नव्हे, कॉलरीला. अण्णांनी त्या सकाळी नऊ महिन्यांत पहिल्यांदा दाढी नीट केली होती आणि मिशीला कात्री लावली होती. ते गेटावर गेले नव्हते. घरी बसून पत्र वाचत होते. मी उभी होते आणि हातातली कात्री खाली ठेवायचं मला सुचत नव्हतं. बोलले तेव्हा काय बोलले, तर, "कॉलर नव्हती आई, कॉलर नव्हती म्हणून." जणू मी बरोबर उत्तर दिलं होतं आणि पेपरच चुकीचा होता.

शांताक्कांनी सगळं बघितलं. घालण्याजोग्याच्या गोणी चार वाजता जायच्या म्हणून शिवून तयार होत्या. त्यांनी पहिल्या गोणीचं तोंड दातानं उसवलं. "बघत काय बसली? उंच मानूस, पांढऱ्यावर निळी रेघ. रिकाम्या हातानं घरी जायाचं न्हाई आज."

"ते घालणार नाहीत, अक्का," आई म्हणाली. "कळलं तर जीव देतील, पण घालणार नाहीत."

"कळलं तर ना? आन् न्हाई घातला तर उद्या काय घालून जात्याल? बनियन?"

आम्ही तिघींनी पाच गोणी उपसल्या. एरवी ज्या कपड्यांचं मी तोंड बघत नव्हते, त्यांतला एकेक मी उजेडाला धरून बघितला. कुणाच्या खिशात देवाचा अंगारा होता, कुणाच्या बाहीवर काळजीनं घातलेला रफू. निळ्या रेघा होत्या, पण माणूस बुटका. माणूस उंच होता, पण रेघा चॉकलेटी. साडेतीनला टेम्पोवाल्यानं हॉर्न द्यायला सुरुवात केली. पाचव्या गोणीच्या तळाशी सापडला. रेघ किंचित गडद, बाह्या बोटभर आखूड, बाकी अण्णांच्या अंगाचा. त्याची चारही ठिकाणं शाबूत होती. आईनं त्याची कॉलर उसवली आणि अण्णांच्या शर्टाची उलटलेली कॉलर, गावच्या शिंप्याच्या नावाच्या पट्टीसकट, त्यावर बसवली. मी बटणांच्या डब्यात हात घालून आमची सात बटणं शोधली. ती ओळखू आली, कारण एक आईनं काळ्या दोऱ्यानं लावलेलं होतं आणि दोरा अजून तसाच होता. शेठचं काय, असं आईनं विचारलं तेव्हा शांताक्का म्हणाल्या, "तुमचा शर्ट दिलाच की चिंधीत. वजनाला वजन. शेटचं काय गेलं?" आणि गोणी पुन्हा शिवून टाकल्या.

संध्याकाळी आम्ही दाराबाहेर पदर झटकले, पाय धुतले, आणि तो शर्ट पिशवीतून उंबऱ्याच्या आत गेला. आईनं तो धुतला, कांजी केली, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. हात थांबवत नव्हती. सकाळी अण्णांनी शर्ट घातला. बटणं लावली. मी चुलीपुढे बसून राखेत काहीतरी शोधत असल्याचं नाटक करत होते. त्यांनी बाह्या बघितल्या, शांतपणे दुमडून कोपरापर्यंत घेतल्या. पत्राची घडी खिशात ठेवली, मग सवयीनं खिशात दोन बोटं घातली आणि तशीच ठेवली. साडेसहाचा भोंगा झाला. बोटं खिशातच. मला वाटलं, आता काढतील, आता जमिनीवर आपटतील. आईच्या हातात चहाचा कप होता आणि तो बशीवर वाजायला लागला.

"कॉलर चांगली बसली," अण्णा म्हणाले. चहा घेतला आणि सहा आसनी रिक्षाच्या थांब्याकडे निघाले.

तो दिवस कसा गेला ते सांगता येत नाही. आई कामावर गेली नाही. दोघी भिंतीला टेकून बसलो. पत्रा तापला, पत्रा निवला. चाकणहून परत आलेल्या ओळीतल्या पाच जणांचे आवाज एकेक करून आले. दोघांना घेतलं होतं, तिघांना नाही. अण्णा आले नव्हते. ते दिवेलागणीला आले, अंगाला चाकणच्या कांद्याच्या बाजाराचा वास. बराच वेळ पाय धूत राहिले. मग दारातूनच म्हणाले, "सोमवारपासून या म्हणायलेत. हेल्पर म्हणून." अण्णा लेथवरचे कसबी टर्नर होते, बारा वर्षांचे. आई रडली ती सुटल्यासारखी, आणि मी तिच्याहून मोठ्यानं, कारण माझ्याकडे रडायला जास्त कारणं होती. अण्णांना वाटलं हेल्पर शब्दामुळे. "अगं, होईल वरचं हळूहळू," ते समजावत राहिले. आम्हा दोघींना त्यांनी शर्टाबद्दल काही विचारलं नाही, ना त्या दिवशी, ना नंतर. आई तीन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या आजारपणात एकदा माझा हात दाबून म्हणाली, "त्यांना कळलं नाही गं, हे एक बरं झालं."

तर गेल्या रविवारी मी घड्याळाचा डबा घेऊन चिखलीला गेले. आता तिथं पत्रा नाही, तीन मजले आहेत, आणि कुदळवाडीकडे मी बघत नाही. अण्णांनी चष्मा लावून डबा फिरवून वाचला. त्यांना इंग्रजी अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. "वे-अ-रे-बल. म्हणजे काय गं, माय?"

"घालण्याजोगं," मी म्हटलं, आणि माझी मलाच जीभ चावावीशी वाटली.

अण्णांनी डबा मांडीवर ठेवला. "त्या शर्टासारखं," ते म्हणाले.

"कोणत्या?"

"खिशाला भोक नव्हतं त्याच्या." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुझी आई कप धरून उभी होती. तिच्याकडं बघितलं आन् म्हनलं, जाऊ दे. हात काही गेले नाहीत माझे." मग हसले, दात नसलेलं. "पण सोळा वर्षं चाकणला रोज सकाळी चिंध्याचं बंडल फोडायचो ना मशीन पुसायला, तर आधी सगळं चाळून बघायचो. पोरं हसायची, म्हातारा काय शोधतोय म्हणून. निळी रेघ दिसली की बाजूला काढून ठेवायचो. आपला नसंल. पण तेल नाही पुसलं त्यानं कधी."

मी डब्यातून घड्याळ काढलं. अण्णांनी ते हातात घेतलं आणि पट्ट्यावरून अंगठा फिरवला, सावकाश, एका टोकापासून. तिसऱ्या भोकापाशी अंगठा थांबला. लेकीच्या मनगटानं ते भोक ओढून लांबट केलंय. मला तेव्हाच दिसलं. ती घासत होती तेव्हा नाही दिसलं.

"नवं हाय ना?" अण्णांनी विचारलं.

"नवंच आहे, अण्णा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग मनगट पुढे केलं. "बांध," ते म्हणाले.